जपानी बायकांचं कौतुक पुरे, आता जपान शिकूया



गेल्या रविवारी आमच्या महिला मंडळाचा कार्यक्रम होता. मंदिराच्या सभागृहात पडदा लावला होता आणि विषय होता 'जपानी जीवनमूल्ये आणि आपण'. बाहेरून आलेल्या वक्त्या बोलायला छान होत्या. इकिगाई, मोत्ताइनाइ, किंत्सुगी, गामान असा एकेक शब्द पडद्यावर यायचा, त्याखाली फुलांचं चित्र, आणि प्रत्येक शब्दानंतर त्या म्हणायच्या, "म्हणजे आपलंच की!" मोत्ताइनाइ म्हणजे आपला अपरिग्रह. जेवणाआधीचं इतादाकिमास म्हणजे आपली अहिंसा. गामान म्हणजे तक्रार न करता सोसणं, तो तर आपला परीषहजय. शेवटी त्या म्हणाल्या, "जपानी बायका बघा. घर, मुलं, म्हातारी माणसं, सगळं करतात, पण कपाळावर एक आठी नाही." टाळ्या झाल्या.

माझ्या शेजारी आमच्या गल्लीतली एक सून बसली होती. बाळ पाच महिन्यांचं. पहाटे उठून सगळ्यांचं करायचं, दुपारी घरूनच ऑफिसचं काम, संध्याकाळी सूर्यास्ताच्या आत सगळ्यांची जेवणं. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. चपला घालताना हळूच मला म्हणाली, "काकू, आजवर सासूबाई चंदनबालेचं उदाहरण द्यायच्या. आता जपानचंही ऐकावं लागणार."

मी तेव्हा हसले. घरी आल्यावर मात्र ते हसू घशात अडकलं, म्हणून हे लिहिते आहे. जपानकडून शिकू नये असं मला म्हणायचं नाही. उलट, शिकायचं तर नीट शिकावं, एवढंच म्हणते. त्यांचा शब्द घ्यायचा, त्यामागचा इतिहास आणि त्याची किंमत सोडायची, आणि आधीपासून आपल्याला बायकांना जे सांगायचं होतं तेच जपानच्या तोंडून वदवायचं, याला शिकणं म्हणत नाहीत. हा शब्दांचा परिग्रह झाला.

इकिगाईचे चार गोल

आधी इकिगाई घेऊ. एकमेकांत अडकलेल्या चार गोलांचं ते चित्र तुम्ही सगळ्यांनी फोनवर पाहिलं असेल: तुम्हाला काय आवडतं, काय जमतं, जगाला काय हवं, पैसे कशाचे मिळतात, आणि मधोमध इकिगाई. हे चित्र जपानी नाहीच. 'जीवनहेतू' दाखवणारी ती आकृती आन्द्रेस सुसुनागा नावाच्या एका स्पॅनिश लेखकाची. २०१४ मध्ये मार्क विन या इंग्रज गृहस्थाने मधला शब्द काढून तिथे 'इकिगाई' लिहिलं आणि ती जगभर फिरली. मराठीतही मिळणारं ते प्रसिद्ध पुस्तक लिहिणारे दोघेही स्पेनचे आहेत. पुस्तक वाईट आहे असं नाही. पण आपण जपान म्हणून जे वाचतो ते बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी आपल्यासाठी सोपं करून बांधलेलं पुडकं असतं, हे माहीत असावं.

मग जपानी लोकांनी या शब्दाचा विचार केलाच नाही का? केला. आणि तो करणारी एक बाई होती, हे त्या पडद्यावर आलंच नाही. तिचं नाव मिएको कामिया. जन्म १९१४, मृत्यू १९७९. मानसोपचाराची डॉक्टर, दोन मुलांची आई. १९६६ मध्ये तिने इकिगाईवर पुस्तक लिहिलं, आणि ते सुचलं कुठे? नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात.

जपानमध्ये त्या काळी कायदाच असा होता की कुष्ठरोग्याला घरातून उचलून कायमचं वेगळं ठेवायचं. औषधं आली, रोग बरा होऊ लागला, तरी कायदा राहिला. तो रद्द झाला थेट १९९६ मध्ये. नागाशिमा आणि किनारा यांच्यात समुद्राची पट्टी फार तर तीसेक मीटरची, पण तिच्यावर पूल झाला १९८८ मध्ये. रुग्णांना लग्न करायचं तर मूल होऊ नये म्हणून शस्त्रक्रिया करून घ्यावी लागे. डॉक्टर कामिया विचारत होती की घर, नाव, मूल, सगळं काढून घेतल्यावर माणूस कशासाठी जगतो? तिला दिसलं की रोगाचा त्रास कमी असलेली काही माणसं आतून रिकामी झाली होती, आणि शरीराने पार खचलेल्या काहींना मात्र जगण्याचं कारण सापडलं होतं. त्याच बेटावर डोळे गेलेले आणि बोटांची संवेदना गेलेले रुग्ण जिभेने ब्रेल वाचायला शिकले. अंध रुग्णांनी हार्मोनिकाचं वाद्यवृंद काढलं.

आता सांगा, यात 'पैसे कशाचे मिळतात' हा गोल कुठे बसवायचा? समाजाने टाकून दिलेल्या माणसासमोर बसून विचारलेला प्रश्न आपण करिअरच्या आणि 'स्वतःला शोधा'च्या कार्यशाळेत नेऊन ठेवला. खरं इकिगाई शिकायचं तर आपल्या घरात, आपल्या समाजात कोणाला आपण बेटावर ठेवलंय, हे आधी विचारावं लागेल. नवरा गेलेल्या काकू लग्नाच्या हळदीला मागच्या खोलीत का बसतात? घटस्फोट घेऊन माहेरी आलेली मुलगी मंडळाच्या सहलीला का येत नाही? डॉक्टर कामियाचा प्रश्न आपल्याला इथे लागू पडतो.

"म्हणजे आपलंच की" हे खरं नाही

दुसरी गोष्ट, इतादाकिमास. जेवणाआधी हात जोडून जपानी माणूस हे म्हणतो. मूळ अर्थ डोक्यावर धरून घेणं, म्हणजे नम्रपणे स्वीकारणं. पुष्कळ जपानी लोक त्याचा अर्थ सांगतात की या ताटासाठी ज्या जिवांनी प्राण दिले त्यांचं जीवन मी स्वीकारतो. सुंदर आहे. पण ही आपली अहिंसा नव्हे. तिथे जीव घेतला गेला आहे हे मान्य करून त्याचे आभार मानायचे आहेत. आपल्याकडे मुळात तो घ्यायचाच नाही, आणि जिथे टळत नाही तिथे कमीत कमी घ्यायचा. रोजच्या जपानी स्वयंपाकाचा पाया असलेलं 'दाशी' हे पाणी बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाच्या किसापासून करतात. त्यांच्या मंदिरांतला 'शोजिन र्‍योरी' हा स्वयंपाक शाकाहारी, कांदालसूणही नाही. ऐकलं की आपला जीव हरखतो. पण त्यात मुळा, कमळकंद, रताळं, कोन्न्याकुचा कंद हे सगळं मानाने बसलेलं असतं. म्हणजे कंदमूळ सोडणाऱ्या बाईला तिथेही ताटातून अर्धं बाजूला काढावं लागेल.

आणखी एक साम्य मला फार आवडतं, आणि तिथेच फरकही कळतो. आपल्याकडे जेवल्यावर ताट धुऊन ते पाणी पिण्याची पद्धत कित्येक घरांत अजून आहे. झेन मठांतही भिक्षू जेवण झाल्यावर आपले वाडगे गरम पाण्याने तिथेच धुतात आणि त्यातलं पाणी पितात. एकच कृती! पण त्यांचं कारण अन्नाचा कण वाया न घालवणं, आणि उरलेलं थोडं पाणी भुकेल्या अतृप्त आत्म्यांसाठी अर्पण करणं. आपलं कारण, उष्ट्यात सूक्ष्म जीव उत्पन्न होऊ नयेत. तसंच पाण्याचं. एइहेइजी हा मोठा झेन मठ दोगेन या आचार्यांनी १२४४ मध्ये स्थापला. ते ओढ्यातून पळीभर पाणी घेत आणि वापरून उरलेलं अर्धं परत ओढ्यात सोडत, अशी आठवण तिथे सांगतात, आणि त्या जागेच्या पुलाला 'अर्ध्या पळीचा पूल' असंच नाव आहे. माझी आजीही आडाचं पाणी गाळल्यावर फडकं उलटं करून ते पाणी अलगद आडात सोडायची. दोगेन पाण्याचा मान राखत होते. आजी त्या पाण्यातल्या जिवांना त्यांच्या घरी पोचवत होती.

हा फरक कोण मोठं कोण लहान हे ठरवण्यासाठी मी सांगत नाही. दोन माणसं एकच काम करतात तेव्हा त्यांचं मन एकच असेल असं नसतं, हे कळावं म्हणून सांगते. "म्हणजे आपलंच की" म्हटलं की समोरच्याला समजून घेण्याचं काम संपतं, आणि आपलं आपल्याला नव्याने कळण्याचंही. अनेकांतवाद आपण रोज तोंडाने सांगतो. दुसऱ्याची बाजू ही दुसऱ्याची आहे एवढं तरी आधी मान्य केलं पाहिजे.

फरक मान्य केला की शिकायला खरं काहीतरी हाती लागतं. जपानमध्ये ८ फेब्रुवारीला 'हारी-कुयो' असते. काही भागांत ती डिसेंबरमध्ये करतात. वर्षभरात मोडलेल्या, वाकलेल्या सुया घेऊन बायका मंदिरात जातात आणि त्या मऊ तोफूत टोचून ठेवतात. टोक्योच्या असाकुसा भागातल्या सेन्सोजी मंदिराच्या आवारात ही गर्दी दरवर्षी होते. आयुष्यभर जाड कापडातून ओढली गेलेली सुई, शेवटी तिला मऊ जागा. 'कुयो' हा शब्द आपल्या 'पूजा' शब्दाच्या भाषांतरातून आलेला आहे. सुईत जीव नाही, हे आपलं तत्त्वज्ञान सांगतं, आणि मला ते पटतं. पण ज्या वस्तूने आपल्यासाठी झीज सोसली तिच्यापुढे वर्षातून एकदा थांबावं, हे मी त्यांच्याकडून घेईन. आणि मग स्वतःला विचारेन, निर्जीव सुईला मऊ जागा मिळते, तर घरातल्या झिजलेल्या बाईला कधी मिळणार?

मोत्ताइनाइ आणि आवराआवर

मोत्ताइनाइ म्हणजे वाया गेल्याची हळहळ. केनियाच्या वांगारी माथाई यांना २००४ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. त्या पुढच्या वर्षी जपानला गेल्या, हा शब्द त्यांना इतका भावला की त्यांनी तो जगभर नेला. पण हा शब्द घरोघरी असलेल्या त्याच जपानमध्ये २०२२ या आर्थिक वर्षात खाण्याजोगं सुमारे ४७ लाख टन अन्न फेकलं गेलं, असा तिथल्या सरकारचाच अंदाज आहे. त्यातलं निम्मं घरांतून. २०१९ मध्ये त्यांना अन्न वाया जाऊ नये म्हणून वेगळा कायदा करावा लागला. याचा अर्थ जपानी ढोंगी आहेत असा नाही. सुंदर शब्द असला म्हणजे सुंदर वागणं आपोआप येत नाही, एवढाच आहे. आपल्याकडेही 'अपरिग्रह' हा शब्द आहे, आणि आपल्या लग्नांतले मांडवही आहेत. बाकी तुम्हीच बघा.

मारी कोंदो यांचं आवराआवरीचं पुस्तक आपल्यातल्या अनेकींनी वाचलंय. कपड्यांचा ढीग घाला, एकेक हातात घ्या, आनंद देत नसेल तर आभार मानून निरोप द्या. मीही केलं. चार गाठोडी निघाली, कपाट मोकळं झालं आणि सहा महिन्यांत पुन्हा भरलं. त्यांचा टीव्ही कार्यक्रम जगभर गाजला तो २०१९ मध्ये, आणि त्याच वर्षी त्यांनी वस्तू विकणारं ऑनलाइन दुकानही सुरू केलं. तिसऱ्या मुलानंतर घर आता पहिल्यासारखं आवरलेलं नसतं, हे त्यांनी २०२३ मध्ये मोकळेपणाने सांगितलं. मला त्यासाठी त्या जास्तच आवडल्या. पण त्यांचा प्रश्न वस्तू घराबाहेर जाताना विचारायचा आहे. श्रावकाचं परिग्रह-परिमाण व्रत वस्तू घरात येताना विचारतं: इतक्या साड्या, इतकी भांडी, इतकं सोनं, यापुढे नाही. ज्या बाईने हे परिमाण खरंच घेतलंय तिला आवराआवरीचं पुस्तक फारसं लागत नाही. नव्या शब्दाच्या कौतुकात आपण आपलं कठीण व्रत विसरून सोपं औषध घेतो आहोत, हे बोललं पाहिजे.

गामान

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. गामान. जीभ चावून सोसणं. जपानी माणूस ते गुण म्हणून सांगतो हे खरं. पण या शब्दाचा जन्म बघा. तो बौद्ध ग्रंथांतून आला. लिहिताना त्यात दोन अक्षरं आहेत, 'गा' म्हणजे मी आणि 'मान' म्हणजे, होय, आपल्या संस्कृतातला मान. अहंकार. 'मी'चा मान. मूळ अर्थाने गामान हा दोष होता! स्वतःला चिकटून बसणं, हट्टाने न वाकणं. त्यातून पुढे 'दात-ओठ खाऊन टिकून राहणं' हा अर्थ आला आणि दोषाचा गुण झाला.

मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले. कारण आपल्याकडे क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांत मान दुसरा, आणि दशलक्षण पर्वात दुसरा दिवस उत्तम मार्दवाचा, म्हणजे मान सोडण्याचा. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात आठ मद सांगितलेत, त्यात ज्ञानाचा, कुळाचा, रूपाचा आणि तपाचाही मद आहे. तपाचा! म्हणजे सोसण्याचाही गर्व होतो, हे आपल्या आचार्यांना पक्कं ठाऊक होतं. "मी बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी चुलीपुढे होते", "आमच्या वेळी असं नव्हतं", "मी नाही कधी कुणाला सांगितलं", ही वाक्यं आठवा. मीही म्हटली आहेत. माझ्या लेकीला म्हटली आहेत. त्यात माझं दुःख होतं तितकाच माझा मान होता. आणि तो मान पुढच्या पिढीच्या डोक्यावर ओझं म्हणून मी ठेवत होते.

"गामान म्हणजे परीषहजय" हे तर मुळीच मान्य नाही. बावीस परीषह कशासाठी सोसायचे, हे तत्त्वार्थसूत्रात स्पष्ट आहे: मोक्षमार्गापासून ढळू नये म्हणून आणि कर्मांची निर्जरा व्हावी म्हणून. ते प्रामुख्याने मुनींसाठी आहेत. त्यांनी घर स्वेच्छेने सोडलं, मार्ग स्वेच्छेने घेतला. त्यांच्यात 'आक्रोश' आहे हे मला माहीत आहे, म्हणजे कठोर शब्द सहन करणं. पण सकाळी भाजी अळणी झाली म्हणून घरचे जे बोलतात ते ऐकून घेणारी सून कोणत्या मार्गावर निघाली होती? तिने ते निवडलं नाही, ते तिच्यावर पडलं. आणि एक गोष्ट कुठल्याही प्रवचनात मी ऐकली नाही. सोसणारीची निर्जरा सगळे सांगतात. सोसायला लावणाऱ्याचा कर्मबंध कोणी का सांगत नाही? कठोर बोलणाऱ्याच्या खात्यात काय जमा होतं, हेही पडद्यावर फुलांच्या चित्रासकट दाखवा की!

किंत्सुगीचंही तेच. फुटलेला वाडगा लाखेच्या चिकाने जोडून सांध्यावर सोन्याची पूड लावतात. "तुमच्या भेगाच तुमचं सौंदर्य" असं बायकांना सांगायला हे उदाहरण भलतंच सोयीचं. पण वाडगा स्वतःला जोडत नाही. एक कारागीर आठवडेच्या आठवडे बसतो, थर वाळू देतो, घासतो, पुन्हा लावतो, आणि सोनं त्याच्या पदरचं असतं. घरातल्या बाईला भेग पडली तर आपल्यातलं कोण इतका वेळ देतं?

त्या आठीविना कपाळाची किंमत

"कपाळावर आठी नाही" असं ज्या बायकांबद्दल सांगितलं त्यांचा दिवस कसा जातो, हे जपानचं सरकारच मोजतं. २०२१ च्या पाहणीत सहा वर्षांखालील मूल असलेल्या घरांत बायको घरकाम आणि मुलांचं मिळून दिवसाला सरासरी ७ तास २८ मिनिटं करत होती, नवरा १ तास ५४ मिनिटं. आपणही मागे नाही. भारताच्या २०१९ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. आणि तेही जे पुरुष करतात त्यांचं. त्या दिवशी घरकाम केलेले पुरुष शंभरात साधारण २६ होते. म्हणजे जपानी बाईकडून सोसणं शिकायची आपल्याला गरजच नाही. त्या विषयात आपण दोघी एकाच वर्गात आहोत.

'मेइवाकु' म्हणजे दुसऱ्याला होणारा त्रास, आणि तो होऊ द्यायचा नाही, असं वक्त्यांनी सांगितलं. रेल्वेत हळू बोलणं, आपला कचरा आपण घरी नेणं, हे घ्यावंच. पण त्रास देऊ नये म्हणून मदतही मागायची नाही, हे त्याचं दुसरं टोक आहे. तिथल्या पोलिसांच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये एकट्या राहणाऱ्या ७६,०२० माणसांचा मृत्यू त्यांच्या घरी झाला. त्यांतली ५८,०४४ पासष्टीच्या पुढची. सगळ्यांची कारणं एक नसतील. पण दार वाजवायला संकोच वाटणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आपल्याकडे अजून शेजारीण वाटी घेऊन येते आणि "काय गं, बरं नाही का" विचारते. ही संपत्ती आपण 'शिस्ती'च्या नावाखाली घालवू नये.

मग शिकायचं काय?

शिकण्यासारखं खूप आहे, आणि ते जपानच्या शाळेत आहे. तिथे पुष्कळ शाळांत मुलं-मुली रोज वर्ग, जिना, संडास स्वतः साफ करतात. दुपारी पांढरे ॲप्रन आणि टोप्या घालून पाळीपाळीने मुलंच वर्गात जेवण वाढतात. आठ वर्षांचा मुलगा चाळीस वाट्या सूप न सांडता वाढतो. हे तुम्ही व्हिडिओत पाहिलं असेल.

जे व्हिडिओत नसतं ते सांगते. पूर्वी तिथे माध्यमिक शाळेत मुलगे तंत्रकाम शिकत आणि मुली शिवण-स्वयंपाक. जपानी बायकांनी हे गामान म्हणून सोसलं नाही. मतदानाच्या हक्कासाठी लढलेल्या इचिकावा फुसाए यांच्यासारख्या बायकांनी सत्तरच्या दशकात मागणी लावून धरली की गृहविज्ञान दोघांनाही शिकवा. १९८५ मध्ये जपानने स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला, त्यामुळेही सरकारला हलावं लागलं. शेवटी १९९३ पासून माध्यमिक आणि १९९४ पासून उच्च माध्यमिक शाळेत मुलगे आणि मुली एकत्र शिजवायला, शिवायला, घरखर्च मांडायला शिकू लागले. लहान मूल असलेल्या घरांत १९९६ साली नवरे दिवसाला ३८ मिनिटं घरात हातभार लावत. २०२१ मध्ये १ तास ५४ मिनिटं. बायकोचे तास मात्र ७ तास ३८ मिनिटांवरून जेमतेम दहा मिनिटांनी उतरले. म्हणजे लढाई संपलेली नाही. पण जी काही हालचाल झाली ती आठी न दाखवल्याने झाली नाही. आठी दाखवल्याने, बोलल्याने, मागितल्याने झाली.

कोणी म्हणेल, "तू प्रत्येक चांगल्या गोष्टीत खोट काढतेस. बायकांना चार सकारात्मक शब्द मिळाले तर बिघडलं कुठे?" बिघडतं. शब्द कोणाच्या हातात पडतो त्यावर ते अवलंबून आहे. दमलेल्या बाईने स्वतःला धीर द्यायला 'गामान' म्हटलं तर मी तिच्या पाठीवर हात ठेवीन. पण खुर्चीवर बसलेल्याने उभ्या असलेलीला तो शब्द सांगितला की त्याची काठी होते. हे आपल्या शब्दांनाही लागू आहे. तप, संयम, मर्यादा हे शब्द ज्याने त्याने स्वतःसाठी उच्चारायचे आहेत.

दुसरी म्हणेल, "आपल्या घरात धर्म टिकला तो बायकांच्या सोसण्यामुळेच." मी म्हणेन, धर्म टिकला तो बायकांच्या कामामुळे: पाणी गाळण्यामुळे, धान्य निवडण्यामुळे, चौका सांभाळण्यामुळे. ते काम पवित्र आहे असं आपण मानतो. पवित्र असेल तर त्याचं पुण्य मुलग्यांना का नाकारायचं?

म्हणून माझी साधी मागणी आहे. आमच्या मंडळापुढे ती मी मांडणार आहे, तुम्हीही तुमच्या मंडळापुढे मांडा. येत्या वर्षी पाठशाळेत मुलामुलींना एकत्र शिकवा: पाणी कसं गाळायचं, धान्य जीव न मरता कसं निवडायचं, सूर्यास्ताच्या आत घरच्यांचं जेवण कसं उरकायचं, ताटं कशी धुवायची. दशलक्षणातल्या सामूहिक भोजनात एक दिवस वाढप आणि भांडी फक्त बारा ते अठरा वर्षांच्या मुलग्यांकडे द्या. आयांनी मध्ये पडायचं नाही. सांडलं तर त्यांनी पुसायचं. आणि उत्तम मार्दवाच्या दिवशी प्रवचनात तपाच्या मदावर बोलायला सांगा, समोर सासवा आणि सासरे दोघांनाही बसवून.

त्या सुनेला मी परवा निरोप पाठवला की बाळाला घेऊन दुपारी दोन तास माझ्याकडे येत जा, बाळ मी बघते, तू झोप. तिचं उत्तर आलं, "काकू, तुम्हाला त्रास नको." मी लिहिलं, "हे जपानी उत्तर झालं. मराठीत सांग, कधी येतेस?"

काल आली होती. दोन तास गाढ झोपली.

लिहिण्यात कुणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी. विचार मात्र मागे घेत नाही.

जय जिनेंद्र.